पाचगणी : पायी पाहण्याचे गाव

'फुरसत' हा शब्द मराठीत आणि उर्दूत सारखाच आहे. 'हवा' हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. या हवेला 'पालट' हा मराठी शब्द जोडला, की 'हवापालट' हा शब्द तयार होतो. प्रकृती सुधारावी म्हणून चांगल्या हवेच्या ठिकाणी जाऊन राहणे, म्हणजे हवापालट. सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे गाव अशाच हवेमुळे प्रसिद्धीस आले.

वाईहून पसरणीचा घाट चढला, की पाचगणी लागते. भोवतालच्या पाच डोंगरांवरून गावाला हे नाव पडले, असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने येथील वस्ती वाढवली. शेजारच्या महाबळेश्वरपेक्षा येथे पाऊस पुष्कळ कमी पडतो. त्यामुळे येथे बारा महिने राहता येते. म्हणूनच येथे आरोग्यधामे निघाली आणि मुलांच्या निवासी शाळाही निघाल्या. १९४४ साली कैदेतून सुटल्यानंतर महात्मा गांधी विश्रांतीसाठी येथे राहिले होते.

पाचगणीत पाहण्यासारखे पहिले ठिकाण म्हणजे टेबल लँड. गावाच्या डोक्यावर हे विस्तीर्ण पठार आहे. ते मेजासारखे सपाट आहे. असे का बरे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यांतून काळा खडक तयार झाला. पुढे ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग बदलला आणि तांबूस जांभा दगड बनला. आजूबाजूची जमीन झिजून गेली. पण जांभ्याचे कठीण झाकण टिकून राहिले. या जांभ्यात बारीक छिद्रे व भेगा असतात. पावसाचे पाणी त्यांतून मुरते आणि डोंगराच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते.

सकाळी लवकर पठारावर चालत जावे. भर उन्हात तेथे सावली मिळत नाही. सिडनी पॉइंट आणि पारशी पॉइंट येथून कृष्णेचे खोरे व धोम धरणाचा जलाशय दिसतो. हिवाळ्यात गेलात, तर वाटेत स्ट्रॉबेरीची शेते दिसतील. येथील स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले.

महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार नावाचे गाव आहे. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचे गाव' झाले. गावकऱ्यांनी आपल्या घरांतील जागा पुस्तकांसाठी दिली. पाहुण्याने आत यावे, आवडीचे पुस्तक घ्यावे आणि निवांत वाचत बसावे. त्यासाठी पैसे पडत नाहीत. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून ही कल्पना सुचली. मराठी शिकणाऱ्या मुलांना फुरसत घालवण्यासाठी याहून चांगली जागा कोणती?

मात्र सहलीला जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पठारावर मातीचा थर अगदी पातळ आहे. पावसाळ्यात त्यावर लहान लहान रानफुले उमलतात. गाड्यांच्या चाकांनी ही माती उखडली, की ती वाहून जाते. पुन्हा लवकर तयार होत नाही. टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तेथेच पडून राहतात. २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसराला संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. २०२५ साली येथील खडकांचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आले. पण हे पठार केवळ कायद्याने आणि यादीने राखले जाणार नाही. तेथे जाणाऱ्यांनीच ते राखायचे आहे. म्हणून पाचगणी पायी पाहावी, पायवाट सोडू नये आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा.

स्वाध्याय

१. पाचगणीत निवासी शाळा व आरोग्यधामे का निघाली?
२. टेबल लँड सपाट कसे राहिले?
३. भिलारला 'पुस्तकांचे गाव' का म्हणतात?
४. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.