‘न्यूसन्स’ या शब्दाची व्याप्ती

इंग्रजी बोलण्यात ‘न्यूसन्स’ म्हणजे कटकट; हट्टी मूलही न्यूसन्स आणि कानाशी गुणगुणणारा डासही. परंतु ‘इजा करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाची मूळची धार कायद्याच्या भाषेत अद्याप टिकून आहे. म्हणूनच मराठीत त्यासाठी ‘त्रास’ हा शब्द अपुरा पडतो; ‘उपद्रव’ हाच योग्य. १८६० च्या भारतीय दंड संहितेने सार्वजनिक उपद्रवाच्या व्याख्येत कृतीबरोबर बेकायदेशीर अकृतीचाही समावेश केला, आणि २०२४ मध्ये अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती व्याख्या कायम आहे.

भारतातील भिंतींवर मात्र ‘कमिट नो न्यूसन्स’ या पाटीचा अर्थ एवढाच, की येथे लघवी करू नये. पण जेथे शौचालयच नाही, तेथे उपद्रव कोणाचा? मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारे व शौचालयांचा अभाव यांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. नगरपालिकेने पैसा नसल्याची सबब सांगितली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि गटारे व शौचालये बांधण्याची जबाबदारी नगरपालिकेवरच टाकली.