ठासणीची बंदूक, पितळी पुंगळी आणि पारावरच्या गप्पा

धाराशिव-तुळजापूर भागात जुना वाडा उतरवायला काढला की माळ्यावरच्या अडगळीतून निजामाच्या काळातली चीजवस्तू निघते. तांब्याचं घंगाळ निघतं, उर्दूतले कागद निघतात. कधी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एखादी नळी आणि हिरवी पडलेली चार-दोन काडतुसंही सापडतात. मग पारावर शिकारीच्या गप्पा रंगतात. त्यांत आजोबांच्या बहादुरीइतक्याच चुकीच्या समजुतीही असतात. बहादुरीबद्दल मला काही म्हणायचं नाही. चुकीच्या समजुतीनं मात्र बोटं जातात, डोळा जातो, म्हणून हे लिहितो आहे.

“आकडा मोठा, म्हणजे बंदूक मोठी”

बारा बोरपेक्षा तीनशे पंधरा बोरची बंदूक कितीतरी मोठी, असं भले भले सांगतात. ही दोन मापं मुळात वेगळी आहेत. बारा बोर म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोर. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. या मोजणीत आकडा वाढला की नळी बारीक होते. तीनशे पंधरा हा इंचाचा भाग आहे, ०.३१५ इंच, म्हणजे आठ मिलिमीटर. पहिलीतून छर्रे उडतात, दुसरी आटे पाडलेल्या नळीची रायफल.

या ‘तीनशे पंधरा’ची हकिगत सांगण्यासारखी आहे. इंग्रजांना भीती होती, की लष्कराची गोळी ज्या बंदुकीत बसते ती लोकांच्या हाती पडली तर उद्या तीच आपल्यावर रोखली जाईल. म्हणून १९०७ मध्ये त्यांनी हिंदुस्थानात .४५० मापाच्या रायफली आणायला बंदी केली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मग .४७० सारखी नवी मापं काढली. ‘थ्री नॉट थ्री’ हे तर लष्कराचंच माप, ते आजही सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्याऐवजी बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यानं .३१५ ची रायफल दिली. तिच्या काडतुसाचं मूळ ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या जुन्या मॅनलिखर काडतुसात आहे. वाड्यात सापडलेल्या पुंगळीच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरं दिसली, तर ती विलायतेची समजू नका. ती आपल्या खडकीची, १८६९ मध्ये सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याची.

“ठासणीच्या बंदुकीला कुठला आलाय परवाना?”

हा समज खेड्यात फार पक्का आहे. १८५३ नंतर काही वर्षं आपला नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे होता आणि मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी तिथला कारभार पाहत होता. त्या काळी रानातली बंदूक म्हणजे ठासणीचीच. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग गोळी किंवा छर्रे, गजानं ठासायचं, मागच्या बोंडीवर टोपी चढवायची. काळ बदलला तरी ही बंदूक कायद्यातून सुटलेली नाही. उलट १९५९ च्या शस्त्र कायद्यात ती नावानिशी आहे. कलम १३ सांगतं, की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. मिळू शकतो याचा अर्थ तो लागतोच.

“वडिलोपार्जित आहे, शोभेची आहे,” ही सबबही अर्धवट आहे. कलम ४५ मधली सूट कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना आहे, तीही दुरुस्त करूनसुद्धा बार उडणार नसेल तरच. घोडा बसवला की चालेल अशी बंदूक भिंतीवर टांगली, तरी ती शस्त्रच. आणि येडशी-रामलिंग अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत परवान्याची बंदूक बाळगणाऱ्याला वन्यजीव विभागाकडेही नोंद करावी लागते.

“रिकामी पुंगळी घरी भरली, त्यात काय एवढं?”

इथं मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे.

काडतुसाचे चार भाग. पितळी पुंगळी, बुडाची टोपी, आतली दारू आणि पुढची गोळी. बार उडाल्यावर पुंगळी उरते, ती पुन्हा भरता येते, हे खरं. परदेशातले नेमबाज आणि शिकारी हे काम छंद म्हणून करतात आणि दारू ‘ग्रेन’मध्ये तोलतात. एका पौंडात ७,००० ग्रेन, इतकं ते बारीक माप. जुन्या काडतुसासाठी कुठली दारू, कुठली टोपी, हे ते छापील कोष्टकातून बघतात. आपल्याकडच्या आठवणीत मात्र उरलं आहे ते ‘एक टोपणभर’.

गफलत टोपणभरात आहे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलनं धूर न करणारी दारू काढली, ती नायट्रोसेल्युलोजची. दिसायला दोन्ही दाणेच, पण वजनास वजन धरलं तर नवीत जुनीच्या सुमारे तिप्पट ताकद. शिवाय जसजसा दाब वाढतो तसतशी ती अधिक वेगानं जळते. काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत त्याच टोपणानं नवी दारू भरली, तर गोळी बाहेर पडायच्या आधी नळीच फाटते, आणि डावा हात नेमका तिथंच असतो. सापाच्या अंगासारखी नक्षी असलेल्या जुन्या दमास्कस नळ्या लोखंडाच्या नि पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेल्या असत. त्यांचं सौंदर्य पाहत राहावं असं आहे, पण नव्या दारूचा भार त्यांच्यावर टाकू नये. विलायती नळीवर तपासणीचे छाप असतात. धूररहित दारूसाठी ती पारखली आहे की नाही, हे त्यावरून जाणकाराला कळतं.

टोप्यांतही फरक. १८६० च्या दशकात अमेरिकन बर्डन आणि इंग्रज बॉक्सर यांनी दोन पद्धती काढल्या. पुढं बर्डनची युरोपात रुळली आणि बॉक्सरची अमेरिकेत. बर्डन पुंगळीच्या बुडात मधोमध छिद्र नसतं, त्यामुळे जुनी टोपी पुंगळीच्या तोंडातून सुई घालून काढता येत नाही.

आता कायदा. टोपी, पुंगळीसारखे सुटे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा शस्त्र कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ आहे. विनापरवाना दारूगोळा बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं कैद आहे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. बंदुकीचा परवाना आहे म्हणून काडतूस भरण्याचाही आहे, असं होत नाही.

“जुनं काडतूस फुसकं असतं”

फुसकं निघालं तरी निर्धोक नसतं. घोडा पडल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग बार उडतो, तोवर हौशी माणसानं नळीत डोकावलेलं असतं. कधी दारू अर्धवट जळते, गोळी नळीतच अडकते आणि पुढच्या बाराला नळी फुटते. सापडलेलं काडतूस ठोकू नये, चुलीत टाकू नये. पोलीस ठाण्याला कळवावं.

“शिकार बहात्तर सालीच बंद झाली”

वन्यजीव कायदा १९७२ चा, पण सुरुवातीला त्यात परवाना काढून काही प्राण्यांच्या शिकारीची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीनं गेली. आपल्या माळरानावरचं काळवीट आज पहिल्या अनुसूचीत आहे. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. म्हणून पिकात डुकरं घुसली तरी बंदुकीचा परवाना पुरत नाही, वन विभागाचा लेखी आदेश लागतो. डुक्कर अंगावर आलं आणि जीव वाचवताना मेलं, तर गुन्हा होत नाही. ही सूट माणसाच्या जिवाला आहे, ज्वारीला नाही. रात्रभर जागल करणाऱ्या शेतकऱ्याला हे ऐकताना राग येतो आणि तो रास्त आहे. त्याचा मार्ग पंचनामा आणि भरपाईतून जातो, तो आणखी जलद व्हायला हवा.

आपल्याकडे शिकारीचा विषय निघाला की बोट पारध्यांकडे जातं. फासेपारधी हे नावच सांगतं, की त्यांचं पिढीजात साधन फासे होते. शिकवलेल्या गाईच्या आडून हरणाजवळ जायची त्यांची रीत होती. बंदुका होत्या साहेबांकडे, जहागीरदारांकडे आणि पाटलांकडे. गुन्हेगारीचा शिक्का मात्र १८७१ च्या कायद्यानं असल्या भटक्या जमातींवर बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्यांमागचा संशय गेला नाही.

अर्धवट लागलेल्या बारानं काय होतं, याचा दाखला शिकारी जिम कॉर्बेटनं नोंदवून ठेवला आहे. त्यानं १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते. कोणाच्या तरी जुन्या गोळीनं ती जायबंदी झाली, नेहमीची शिकार जमेना, आणि तिनं चारशेहून जास्त माणसं मारली.

डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंग अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला. तो यवतमाळच्या टिपेश्वरातून शेकडो किलोमीटर चालत आलेला होता. वाटेत त्यानं किती शेतं ओलांडली असतील! त्यातल्या एखाद्या बांधावर डुकरांसाठी घरी भरलेला बार घेऊन कोणी अंधारात बसलेलं असतं, तर सळसळ ऐकून त्यानं आधी घोडा ओढला असता आणि मग बॅटरी लावून पाहिलं असतं.