काळी चंद्रकळा आणि साखरेचे दागिने

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेले भाषण)



संक्रांतीला अजून पंधरा दिवस आहेत, पण कापडबाजार आत्ताच काळा झालाय. एरवी लग्नाकार्याच्या खरेदीत दुकानदाराने काळं कापड पुढे टाकलं, तर बरोबरच्या आत्याबाई ते लगेच बाजूला सारतात. पौषात मात्र तेच कापड सगळ्यांत आधी उचललं जातं. काळी साडी, काळं परकर-पोलकं, बाळाचं काळं झबलं, जावयाचा काळा कुर्ता. शिवाय आरीकाम केलेलं ब्लाऊज, हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाच्या कोपऱ्यात लावायचे पतंग आणि माळा. नटण्याची हौस असलेल्या बाईला हे तीन आठवडे पुरत नाहीत. आम्हालाही ही हौस आहे, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलू या. या वस्तू कशा तयार होतात, त्यामागे कुणाची मेहनत असते आणि त्यांचा भार कुणावर पडतो, ते बघू.

आधी काळा रंग. काळं कापड उजेड परत फेकत नाही, बराचसा शोषून घेतं, आणि शोषलेल्या उजेडाची ऊब होते. पांढरं कापड उजेड परतवतं, म्हणून ते उन्हाळ्यात बरं. जानेवारीच्या थंडीत काळी साडी नेसून अंगणातल्या उन्हात बसलं की फरक लगेच कळतो. रात्री दिव्याखाली हळदीकुंकू असेल, तर या गुणाचा काही उपयोग नाही. तिथे काळी साडी फक्त शोभेची.

चंद्रकळा म्हणजे काळ्या जमिनीवर चंद्र-चांदण्यांसारखी जरीची किंवा रेशमाची नक्षी असलेली साडी. अलीकडे संक्रांतीला खणाच्या काळ्या साड्यांचीही लाट आली आहे. खण हे मुळात चोळीचं कापड. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे त्याचं जुनं गाव. इरकल साडी ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, ते इळकलही त्याच जिल्ह्यात. खणाची अख्खी साडी ही अलीकडची हौस आहे आणि बाजारात मिळणाऱ्या अशा बऱ्याच साड्या यंत्रमागावरच्या असतात. यंत्रमागाची साडी घेण्यात काही वाईट नाही. फक्त हातमागाचा भाव देऊन यंत्रमागाची घेऊ नका. दुकानदाराला सरळ विचारा आणि बिलावर तसं लिहून मागा. लिहून द्यायला तो का-कू करू लागला, तर त्यातच उत्तर आलं. आणि नवी काळी साडी पहिल्यांदा थंड पाण्यात वेगळी धुवा, उलटी करून सावलीत वाळवा. नाहीतर तिचा रंग घरातल्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांना लागतो.

आता हलव्याचे दागिने. एरवीच्या दागिन्याला सोनार लागतो, याला साखर, तीळ, दोरा आणि थंडी एवढंच लागतं. पण सामान स्वस्त आहे म्हणून काम सोपं आहे, असं मुळीच नाही.

काटेरी हलवा करताना साखरेचा पाक करतात, त्यात थोडं दूध घालून वर आलेली मळी काढतात आणि पाक गाळून घेतात. निवडलेले तीळ परातीत घेऊन अगदी मंद आचेवर ठेवतात. त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ सतत फिरवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा चमचाभर. असं दिवसातून काही तास, आणि तेही तीन-चार दिवस. आधी दाण्यावर पांढरी झाक येते, मग दाणा फुगतो, मग हळूहळू काटा धरतो. आच वाढली तर पाक पिवळा पडतो. हात थांबला तर गोळे होतात. हवा ढगाळ, दमट असली तर काटा धरतच नाही, म्हणून हे काम कोरड्या थंडीत, पहाटेच करायचं. तिळाऐवजी खसखस, साबुदाणा, बडीशेप किंवा मगजबीही घेतात. खसखशीचा दाणा मोत्यासारखा बारीक होतो, साबुदाण्याचा ठसठशीत. या सगळ्यात बोटांची टोकं पोळतात, ते वेगळंच.

त्यानंतर दागिना. दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवत सर करायचा आणि सरांचा हार, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, नथ. जावयासाठी हार आणि मनगटावरचं घड्याळ. बाळासाठी मुकुट आणि बासरी. हल्ली पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्यावर जरीचा कागद लावून त्यावर दाणे गमाने चिकटवतात, मध्ये प्लास्टिकचे मोती आणि टिकल्या. ते दिसतं छान आणि होतं झटपट. पण असा दागिना तोंडात घालायचा नाही, हे घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

आता या कामाचा हिशोब. आपल्यातल्या कितीतरी जणी या दिवसांत घरबसल्या हलव्याचे सेट करून विकतात. समजा, एका सेटला २०० रुपयांचं सामान लागलं आणि तो ६०० रुपयांना गेला. हातात राहिले ४००. वा, दुपटीने पैसे झाले, असं आपण म्हणतो. पण हलवा आणि गाठी मिळून त्या सेटला २० तास लागले असतील, तर तासाला पडले २० रुपये. त्यात गॅस, बाजारात जायचं-यायचं भाडं आणि वाटेत तुटलेला माल अजून धरलेलाच नाही. म्हणून करणाऱ्या मैत्रिणींना सांगणं आहे की भाव ठरवताना वहीत आधी तास लिहा, मग सामान. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी घ्या, कारण संक्रांत सरल्यावर काळा सेट आणि साखरेचा हार कुणी विचारत नाही. भाड्याने सेट देत असाल, तर अनामत ठेवून घ्या. घामाने आणि दमट हवेने साखर सुटते. आणि घेणाऱ्या मैत्रिणींनो, साडीच्या दुकानात आपण हजारो रुपये मुकाट्याने देतो आणि हलव्याच्या बाईशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. यंदा ती करू नका.

बाळाच्या बोरन्हाणाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. पाटावर काळ्या झबल्यातलं, हलव्याचे दागिने घातलेलं मूल बसवायचं आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, हलवा ओतायचा. भोवतीची मुलं ते लुटतात. मोठी गोड पद्धत आहे. पण लहान मूल हाताला येईल ते तोंडात घालतं. शेंगदाणा, हरभरा, बोराची बी, हलव्याचा दाणा, दागिन्यातला मोती, यांतलं काहीही चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतं. म्हणून बाळाच्या डोक्यावर चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्याच ओता, आणि बाकीचा खाऊ मोठ्या मुलांच्या हातात द्या. पाटावर काय सांडलंय, ते एका बाईने सतत बघत राहायचं. गळ्यातला दोरा घट्ट नको, आणि फोटो झाले की दागिने उतरवायचे. मुलाला एकदम ठसका लागला, आवाज निघेना किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर वाट न बघता १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. ठसका थोड्या वेळाने थांबला, तरीही डॉक्टरांना दाखवा. कण आत राहून गेलेला असू शकतो.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, ती गोष्ट. नव्या नवरीची पहिली संक्रांत. काही घरांत काळी साडी आणि हलव्याचे दागिने सासरकडून होतात, काही घरांत माहेरून येतात. जोवर ते साखरेचे दागिने होते, तोवर कुणालाही परवडत होते. शेजारच्या चारजणी मिळून हलवा करायच्या आणि नवरी सजायची. आता त्या सणाला यादी आली आहे. भारी काळी साडी, तिच्यावर डिझायनर ब्लाऊज, मेकअपवाली, फोटोवाला, मागे लावायचा पडदा, जावयाला अंगठी, विहिणीला साडी. अमक्यांच्या सुनेचे फोटो बघितलेत का, एवढं एक वाक्य कानावर पडलं की मुलीचे आईवडील न बोलता उसनवारीला निघतात. नुकतंच लग्नाचं कर्ज झालेलं असतं, हप्ते सुरू असतात, आणि दिवाळसणामागोमाग हा दुसरा खर्च.

मागितलेलं नाही, त्यांनी आपणहून दिलं, असं आपण पुष्कळदा ऐकतो. पण यादी फोनवर वाचून दाखवली, तर ती मागणीच. तेव्हा ज्यांच्या घरी यंदा सून आली आहे, त्यांनी फोन करून सांगावं की येताना तिळगूळ आणा, बाकी काही नको. हे सासूने सांगितलं तरच माहेरच्यांच्या जिवावरचं ओझं उतरतं. मुलीने सांगून ते उतरत नाही. आणि देण्याघेण्यावरून मुलीला टोमणे, उपास, मार सुरू झाला असेल, तर तो सणाचा मान राहिला नाही. हुंडा घेण्या-देण्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे आणि छळ हा गुन्हा आहे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. नंबर फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा, स्वतःसाठी नाही तर शेजारणीसाठी.

शेवटी हळदीकुंकू. किंक्रांतीनंतरही रथसप्तमीपर्यंत ते चालतं. आपण घर सजवतो, वाण लुटतो. वाण म्हणून प्लास्टिकची डबी देण्यापेक्षा बियांची पुडी, साबण, मुलांची वही द्या; उपयोगाला येईल. पण त्याआधी बोलावण्याची यादी बघा. ज्या मैत्रिणीचा नवरा वारला, तिचं नाव त्यात आहे का? काल आपल्याबरोबर हलव्याच्या गाठी मारणारी बाई आज दारातून परत का जाते? कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. पाठोपाठ त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हाच आदर्श घ्यायला सांगितलं. ठराव ग्रामपंचायतीत झाला, तरी तो पाळला जातो आपल्या उंबऱ्यावर. तिला कुंकू लावायचं की नाही, हे तिलाच विचारा. नको म्हणाली, तर तिळगूळ आणि वाण द्या, आणि सगळ्यांबरोबर बसवा.

हौस करा, मैत्रिणींनो, मनापासून करा. वर्षभर राबणाऱ्या बाईने तीन आठवडे नटलं, तर त्यात कुणाचं काही जात नाही. फक्त आपल्या हौसेचे पैसे दुसऱ्या आईच्या पदरातून येऊ देऊ नका, आणि आपल्या आरशासमोर उभं राहायला कुणाला मनाई करू नका.

हलवा करायला घेणार असाल, तर या आठवड्यातच घ्या. हवा कोरडी आहे, काटा छान धरेल.

तिळगूळ घ्या, गोड बोला.