बालकाचे उशिरा चालणे : पालकांची चिंता आणि विकासशास्त्रीय वास्तव

प्रस्तावना :

बालकाचे पहिले पाऊल हा मराठी कुटुंबात कौतुकाचा सोहळा असतो. त्यामुळेच पहिला वाढदिवस उलटूनही मूल भिंत धरून उभे राहण्यापलीकडे जात नसेल, तर घरात कुजबुज सुरू होते. शेजारचे मूल दहाव्या महिन्यातच चालू लागले होते, याची आठवण कोणीतरी करून देतो. मालिश नीट झाले नाही, कडेवर फार घेतले, असे दोष बहुधा आईच्या पदरी टाकले जातात. दुसरीकडे 'याचा बापही दीड वर्षाचा झाल्यावरच चालला' असे सांगून आजी सर्व शंका मिटवून टाकते. या दोन्ही प्रतिक्रियांत मूल स्वतः कशी हालचाल करते, इकडे फारसे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात उशिरा चालण्याविषयीच्या चिंतेचा याच दृष्टीने विचार केला आहे.

सरासरी आणि मर्यादा :

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालकांच्या कारक विकासाचे सहा टप्पे व त्यांचे कालावधी प्रसिद्ध केले. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी बालकांच्या निरीक्षणावर ते आधारलेले आहेत. भारतातील बालके दक्षिण दिल्लीतील होती. या अभ्यासानुसार आधाराशिवाय उभे राहण्याचा कालावधी ६.९ ते १६.९ महिने, तर स्वतंत्रपणे चालण्याचा कालावधी ८.२ ते १७.६ महिने असा आहे. चालू लागण्याचे मध्यवय सुमारे १२ महिने आढळले. मध्यवय म्हणजे ज्या वयापर्यंत निम्मी मुले चालू लागतात ते वय. अर्थात उरलेली निम्मी निरोगी मुले त्यानंतरच चालतात. पालक नेमकी हीच गोष्ट विसरतात आणि मध्यवयालाच अंतिम मुदत समजतात. सुशिक्षित, किंबहुना संख्याशास्त्र शिकविणारे पालकही यास अपवाद नसतात!

याच अभ्यासातील सुमारे ४.३ टक्के बालके हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. देवघरातील रांगत्या बाळकृष्णामुळे रांगणे हा बालपणाचा अपरिहार्य टप्पा वाटतो. तथापि काही मुले बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत पुढे जातात. अशी मुले बहुधा उशिरा चालतात आणि ही सवय कधी कधी एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळते. तेव्हा आजीच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. मात्र कौटुंबिक इतिहास हे तपासणी टाळण्याचे कारण ठरू नये.

अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे वय मोजताना जन्मतारखेऐवजी प्रसूतीची अपेक्षित तारीख धरावी लागते. दोन महिने आधी जन्मलेले पंधरा महिन्यांचे मूल विकासाच्या दृष्टीने तेरा महिन्यांचे असते. एवढ्या एका वजाबाकीने अनेक घरांतील चिंता निवळू शकते.

चालणे घडते कसे :

कारक विकास हा आतून उलगडत जाणाऱ्या परिपक्वनाचा क्रम होय, असे अर्नोल्ड गेसेल यांचे प्रतिपादन होते. नवजात अर्भकास उभे धरले असता ते पावले टाकल्यासारखी हालचाल करते व दोनेक महिन्यांत ती दिसेनाशी होते. याचे कारण मेंदूच्या परिपक्वनात आहे असे मानले जाई. एस्थर थेलेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशा बालकांचे पाय पाण्यात ठेवून पाहिले, तेव्हा पावले टाकण्याची हालचाल पुन्हा वाढली. वजन झपाट्याने वाढलेले पाय उचलण्याइतके बळ स्नायूंत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ होता. चालण्यासाठी मेंदूबरोबरच शरीराचे वजन, स्नायूंचे बळ, तोल आणि सरावाची संधी या सर्वांचा मेळ बसावा लागतो, हा विचार अशा प्रयोगांतून पुढे आला.

सरावाचे प्रमाण थक्क करणारे आहे. कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या २०१२ मधील अभ्यासात १२ ते १९ महिन्यांच्या बालकांनी मुक्तपणे खेळताना ताशी सरासरी २,३६८ पावले टाकली आणि ती ताशी १७ वेळा पडली. पडण्याच्या भीतीने मुलाला सतत कडेवर ठेवल्यास ही संधीच हिरावली जाते. या संदर्भात जुना लाकडी पांगुळगाडा व आजचा बैठकीचा वॉकर यांत भेद करणे आवश्यक आहे. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते. वॉकरमध्ये ते बसलेले असते, तोल सांभाळण्याची गरजच उरत नाही आणि जिन्यावरून कोसळण्याचा धोका मात्र वाढतो. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरवर बंदी घातली. आपल्याकडे तो आजही बारशाला भेट म्हणून दिला जातो.

चिंता केव्हा करावी :

अठरा महिने पूर्ण होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, हा सर्वमान्य संकेत आहे. परंतु काही चिन्हे दिसल्यास तोवरही थांबू नये. एकाच बाजूचा हातपाय कमी हलणे, वर्षाच्या आतच एका हाताचा ठळकपणे वापर होणे, पाय कात्रीसारखे ताठ राहणे, अंग फार शिथिल असणे, ही चिन्हे मेंदूच्या अथवा स्नायूंच्या विकाराकडे निर्देश करू शकतात. एका पायाची लांबी कमी भासल्यास खुब्याचा सांधा तपासावा लागतो. 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा मुडदूस आणि थायरॉईडची न्यूनता ही कारणेही शोधावी लागतात व त्यांवर उपचार होऊ शकतात. आलेले कौशल्य नाहीसे होणे हे मात्र कोणत्याही वयात तातडीचे लक्षण होय.

मुलग्यांच्या बाबतीत ड्युशेन स्नायूविकाराचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. यातील बरीच मुले उशिरा चालतात, पण एकदा चालू लागली की घरचे निश्चिंत होतात. पुढे पोटऱ्या फुगीर दिसतात, मूल मांड्यांवर हात टेकत उठते, आणि निदान अनेकदा चार-पाच वर्षांपर्यंत लांबते. क्रिएटिन कायनेज या साध्या रक्तचाचणीने त्याचा संशय बराच आधी घेता येतो. हा विकार आनुवंशिक असल्याने निदानास विलंब झाला, तर पुढील अपत्याविषयीचा निर्णयही अंधारातच घेतला जातो. दिलासा देणाऱ्या शब्दांची एवढी किंमत काही कुटुंबांना मोजावी लागते.

भारतीय बालकांसाठी डॉ. प्रमिला फाटक यांच्या बडोद्यातील संशोधनातून सिद्ध झालेली विकासमापन श्रेणी उपलब्ध आहे. प्राथमिक चाळणीसाठी त्रिवेंद्रम विकास तक्ता वापरला जातो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची तपासणी आणि विकासातील विलंब आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. पालकांनी तेथे जाताना जन्माच्या वेळची रुग्णालयीन कागदपत्रे, मान धरणे व बसणे यांच्या अंदाजे तारखा आणि मूल घरी जमिनीवरून कसे उठते याचे भ्रमणध्वनीवरील लहानसे चित्रीकरण सोबत न्यावे; परक्या खोलीत रडणारे मूल पाऊल टाकत नाही, तेव्हा तज्ज्ञांना त्या चित्रीकरणाचाच आधार असतो.