वाळवंटातील रबराचा डोंगर

कुवेतमधील अर्हियाच्या माळावर काही वर्षांपूर्वीपर्यंत जुन्या टायरांचा एक अजस्र डोंगर उभा होता. सुमारे सतरा वर्षांत तेथे चार कोटी वीस लाखांहून अधिक टायर साठले. मधूनमधून त्यास आगी लागत; २०१२ सालच्या आगीने तर विषारी धुराचे लोट उठविले, आणि सर्वांत जवळची वसाहत अवघ्या सात किलोमीटरांवर! पुढे तेथे घरे बांधावयाची म्हणून २०२१ साली ते टायर सौदी सीमेजवळच्या साल्मी येथे हलविण्यात आले. तेथे त्यांचे तुकडे करून फरशीच्या लाद्या बनविण्याचा कारखाना सुरू झाला. हे कार्य स्तुत्य खरे, परंतु किती विलंबाने!

टायर म्हणजे प्लास्टिक नव्हे. तथापि त्यातील कृत्रिम रबर त्याच तेलाच्या कुळातले. कुवेतच्या शुऐबा येथे १९९७ पासून पॉलिएथिलीन तयार होते, आणि त्याच जातीच्या पिशव्या अखेर इथल्याच वाळूत पुरल्या जातात. ढीग झाल्यावर उपाय शोधणे सर्वांत महाग पडते. बाटली व दुधाची पिशवी ही निरनिराळ्या जातींची प्लास्टिके होत; ती एकत्र वितळविली, अथवा उष्ट्याने माखली, की त्यांचे मोल उतरते. म्हणून निवड घरातच झाली पाहिजे.

पुण्यात हे घडले आहे. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महानगरपालिकेशी करार केला. कचरावेचक भगिनी दारोदार ओला व सुका कचरा वेगवेगळा घेतात, घरोघरचे मासिक शुल्क त्यांना मिळते आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही त्यांचेच. चिवड्या-वेफरच्या चकचकीत वेष्टनांना मात्र भंगारवाला हात लावीत नाही. त्यांचा भार २०१६ च्या भारतीय नियमांनी उत्पादकांवर टाकला आहे, आणि ते न्याय्यच होय.

रत्नागिरीच्या खेड्यांतून पाच वर्षांच्या करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्यांचे आपण वंशज. हातांच्या कष्टांचा हिशेब दुसऱ्याने मांडला म्हणजे काय होते, हे आपल्या घराण्यांस निराळे सांगावयास नको. कुवेतमध्ये रस्ते झाडणारे हातही परदेशी मजुरांचेच आहेत. उत्सवाच्या पंक्तीनंतर बाटल्या निराळ्या काढून धुवावयाच्या, तर ते काम स्वयंसेवकांनी करावयाचे, की योग्य मोबदला देऊन माणसे नेमावयाची, याचा निर्णय मंडळाने पंक्तीआधीच केलेला बरा.