पिल्लू की निराळी जात?

वाचकहो, बाजारात बैल घ्यायला गेलात तर तुम्ही काय करता? अंगलट पाहता, शिंगे पाहता, चार पावले चालवून पाहता. पण जबडा धरून दात पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, हे दात सांगतात. नुसत्या उंचीवर भरवसा ठेवला तर फसगत ठरलेली. आपली कोकण कपिला गाय अंगानेच ठेंगणी. पुरती वाढलेली कपिला घाटावरच्या खिलार कालवडीपुढे लहान दिसेल. पण म्हणून ती वासरू नव्हे.

खाडीकाठच्या घरात हाच प्रश्न माशांच्या टोपलीत येतो. मांदेली वीतभरच वाढते आणि तेवढ्यातच तिचा जन्म सरतो. त्याच टोपलीतला वीतभर जिताडा मात्र अजून पोर असतो. लहानपणी त्याच्या अंगावर काळपट डाग असतात, डोक्यावर पांढरा पट्टा असतो. मोठेपणी ते जाऊन अंग चांदीसारखे होते. अलिबाग-पेणच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताड्याची पिल्ले सोडून वाढवण्याची रीत आहे, त्यामुळे तिथल्या पोरासोरांनाही हे ठाऊक असते. पण परक्या माणसापुढे हे दोन जिताडे ठेवले तर तो दोन जाती सांगून मोकळा होईल.

आता अशी कल्पना करा, की जनावर मेलेले आहे, त्याचे एक-दोन हाडांचे तुकडे तेवढे उरले आहेत आणि तेही दगड झालेले आहेत. अशा तुकड्यांवरून जात ओळखायची. डायनोसॉरचा अभ्यास करणाऱ्यांपुढे हेच कोडे असते.

आपल्या कातळात का नाही?

रायगडच्या किनाऱ्यावर डायनोसॉरची हाडे शोधण्यात अर्थ नाही. मुरूडचा जंजिरा ज्यावर उभा आहे तो काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा रस थरावर थर असा पसरला. रसरशीत लाव्ह्यात हाड टिकायचे कसे? हाडे टिकली ती लाव्ह्याखाली गाडल्या गेलेल्या जुन्या नद्या-तळ्यांच्या गाळात. आपल्या राज्यात असा गाळ उघडा पडला आहे तो विदर्भात.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत एकोणिसाव्या शतकापासून हाडांचे दगड सापडत आले. डायनोसॉरच्या काळातील विष्ठेचेही दगड तिथे मिळतात, आणि त्यांत भाताच्या कुळातल्या गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचे शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवले. भात लावणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून नवल वाटेल!

याच पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यावरून रिचर्ड लिडेकर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७९ साली ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी’ अशी एक जात जाहीर केली. पुढे त्याच भागातल्या डोंगरगावच्या टेकडीवर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना १९८४ ते १९८६ या काळात एकाच जनावराची पुष्कळ हाडे मिळाली. दंडाचे हाडच सुमारे दीड मीटर लांब! जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्या जनावराचे वर्णन केले.

२००३ साली विल्सन आणि अपचर्च या दोघांनी सगळा हिशेब पुन्हा तपासला. डोंगरगावच्या जनावराची स्वतंत्र जात पक्की ठरली आणि त्याला संस्थेच्या नावावरून ‘आयसिसॉरस’ हे नाव मिळाले. पिसदुऱ्याच्या मणक्यावरचे नाव मात्र बाद झाले. तसा मणका त्या कुळातल्या अनेक जनावरांचा असू शकतो, असे त्यांचे म्हणणे. पुष्कळ हाडे असली की जात सांगता येते. एकट्या मणक्यावर नाव टिकत नाही.

अर्ध्या मीटरचे बाळ

त्यात वयाची भर पडली की कोडे आणखी अवघड होते. याच लांब मानेच्या कुळातले नुकते अंड्यातून निघालेले पिल्लू गुजरातेत धोली डुंगरी येथे सापडले. अंड्यांपाशी वेटोळे घालून बसलेला साप आणि शेजारी ते पिल्लू, असे सगळे एकत्र दगड झाले होते. २०१० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिल्लाची लांबी जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे डोंगरगावच्या जनावराचे नुसते दंडाचे हाड या पिल्लाच्या तिप्पट! मधल्या सगळ्या वयांची हाडे वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या माणसांना सापडली तर प्रत्येकाला आपली जात नवी वाटणार.

अमेरिकेत तसे घडले. टकलावर हाडाचा जाड घुमट असलेला एक डायनोसॉर, दुसरा लहान घुमटाचा आणि लांब शिंगांचा, तिसरा सपाट डोक्याचा आणि काटेरी, अशा तीन जातींना तीन नावे होती. ही एकाच जनावराची तीन वये आहेत, असे हॉर्नर आणि गुडविन यांनी २००९ साली मांडले आणि ते पुष्कळांना पटले. तुरा न फुटलेले पिल्लू आणि तुरेबाज कोंबडा यांना आपण कधी दोन जाती म्हणतो का?

दगडाचे दात कसे पाहायचे?

तुम्ही विचाराल, मग वय ओळखायचे कसे? पहिली खूण तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. कोवळ्या कोंबडीच्या हाडाची टोके कुरकुरीत लागतात, जुन्या कोंबडीची टणक. मणक्याचेही लहानपणी वेगळे असलेले भाग वयाबरोबर सांधत जातात. दुसरी खूण हाडाच्या आत असते. हाडाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की झाडाच्या खोडात दिसतात तशी वलये दिसतात. वाढ थबकते त्या ऋतूत एक रेघ उमटते. रेघा दूर दूर असतील तर जनावर भराभर वाढत होते. कडेला दाटीने आल्या असतील तर वाढ संपत आली होती.

पण वय कळले म्हणून जात कळलीच असे नाही. १९४२ साली अमेरिकेच्या माँटाना प्रांतात मांसाहारी डायनोसॉरची एक लहान कवटी मिळाली. १९८८ साली तिला ‘नॅनोटिरॅनस’ हे स्वतंत्र नाव दिले गेले. पुढे अनेक तज्ज्ञ म्हणू लागले, की हे तर प्रचंड टिरॅनोसॉरस रेक्सचेच पोर. २०२० साली अशाच दोन लहान सांगाड्यांची हाडे कापून पाहिली. ती वाढत्या वयाची निघाली आणि ‘पोर’ म्हणणाऱ्यांचे पारडे जड झाले.

२०२५ साली मात्र चित्र पालटले. आणखी एका लहान सांगाड्याची वलये मोजली तेव्हा ते जनावर सुमारे वीस वर्षांचे आणि वाढ जवळजवळ पुरी झालेले निघाले. त्याच्या शेपटीत मणके कमी आणि तोंडात दात जास्त होते; असले फरक वयाने पडत नाहीत. त्याच वर्षी १९४२ च्या मूळ कवटीसोबतचे गळ्यातले हाड तपासले, तेही जवळजवळ वाढ पुरी झालेल्या जनावराचे ठरले. म्हणजे ही मांदेलीसारखी मुळातच लहान जात होती. मग २०२० सालची ती दोन वाढती हाडे? ती पोरांचीच होती. पण पोरे कोणाची, हा प्रश्न उरलाच होता. वासरू आहे एवढे कळले, तरी ते खिलारचे की कपिलेचे हे वेगळे पाहावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? डायनोसॉर नाहीसे होण्याआधी त्यांच्या जाती रोडावत चालल्या होत्या की भरात होत्या, हे जातींच्या मोजणीवर ठरते. पिल्लांना जाती म्हटले तर आकडा फुगतो. लहान जातींना पिल्ले म्हटले तर घटतो.

आपल्या किनाऱ्यावर तर या मोजणीत पोटापाण्याचा प्रश्न आहे. पापलेटची कोवळी पिल्ले ‘बारीक मासळी’ म्हणून टोपलीत गेली की उद्याचे मोठे पापलेट आणि त्यांची अंडी, दोन्ही गेली. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला.

आणि तुमचा कोणी सोयरा वरोऱ्याकडे शेती करीत असेल तर त्याला एवढे जरूर कळवा: नांगराला हाडासारखा दगड लागला तर तो उपटून घरी आणू नये. जागा लक्षात ठेवावी आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवावे. आजूबाजूची हाडे जागेवर राहिली तरच ते जनावर पिल्लू होते की निराळ्या जातीचे, हे सांगता येईल. एकटा तुकडा दिवाणखान्यात शोभेल, पण पिसदुऱ्याच्या त्या मणक्यासारखा मुकाच राहील.