आमच्या चवथीतलं सर्वोच्च न्यायालय

आमच्या डिचोलीच्या घरी गणपती पाच दिवसांचा, पेडण्याच्या मामाचा दीड दिवसाचा. त्यामुळे आपलं विसर्जन उरकून तिसऱ्या दिवशी मामा आमच्याकडे जेवायला येतो. पान वाढेपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चालतं. मग कोणीतरी खाणींचा किंवा मोपाचा विषय काढतो आणि माटोळीखाली सर्वोच्च न्यायालय भरतं. दोन्ही बाजूंचे वकील बिनफीचे. आई नेवऱ्यांचं ताट मध्ये ठेवून जाते, तेवढीच काय ती मध्यस्थी. (हे सगळं बोलणं अर्थातच कोकणीत होतं. वाचणं-लिहिणं मात्र आमच्या घरात पहिल्यापासून मराठीत, म्हणून इथे मराठीत लिहितोय.)

बाबांचं म्हणणं एकच. "कोर्टाने आमच्या पोटावर पाय दिला. सरकार निवडून कोणी दिलं? आम्ही. मग सरकारने सही केली तर मोडणारे हे कोण?"

मामा म्हणतो, "भावोजी, सरकारला सही करायला ठेवलंय म्हणून कसलीही सही चालते काय?"

राज्यघटनेवरची मोठमोठी व्याख्यानं मी नंतर ऐकली. पण सरकारच्या अधिकाराला कुंपण कुठे घालायचं, हा प्रश्न मला आधी घरातच भेटला.

मी फर्मागुडीला बीईला प्रवेश घेतला त्या सुमाराला बाबांनी कर्ज काढून दुसरा ट्रक घेतला. चीनमधून मागणी जोरात होती. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं. डिचोली-साखळीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग, आमोण्याच्या धक्क्यावर बार्जेस, आणि घरातल्या कपाटाच्या आतसुद्धा तांबडी धूळ. शिरगावात विहिरी आटल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली होती, हे आम्हाला माहीत होतं. पण माझी फी त्याच धुळीतून येत होती, म्हणून त्यावर जेवताना कोणी बोलत नसे. हे आज लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

मी शेवटच्या वर्षाला असताना, सप्टेंबर २०१२ मध्ये, न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला. बेकायदा खाणकामाने सुमारे ३५ हजार कोटींचं नुकसान झाल्याचा त्याचा अंदाज होता. राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. बाबांनी एक ट्रक विकला. दुसरा अंगणात उभा राहिला आणि त्यावर भोपळ्याची वेल चढली.

मूळ भानगड पोर्तुगीज काळातली. त्यांनी खाणीचे हक्क बेमुदत दिले होते. मुक्तीनंतरही ते तसेच चालले. अखेर गोवा घटक राज्य होण्याच्या आठवडाभर आधी, २३ मे १९८७ रोजी, संसदेच्या कायद्याने ते हक्क रद्द करून त्यांची साधी लिजे केली, तीही २० डिसेंबर १९६१पासून मागे जाऊन. लीज म्हटलं की मुदत आली. २१ एप्रिल २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला: पहिलं नूतनीकरण धरूनही सगळ्या लिजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ला संपली. म्हणजे बाबांनी दुसरा ट्रक घेतला तेव्हा ज्या खाणीवर तो लागला, तिचं लीज आधीच संपलेलं होतं. हे आम्हाला कोण सांगणार?

याच निकालात वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली गेली आणि विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितलं, पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज एकदा काढलं की संपलं, त्यात आपल्या नातवंडांचाही वाटा आहे, असा त्यामागचा विचार. तो नवा नव्हता. १९९६ साली हिमाचलमधल्या बियास नदीच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं होतं की नदी, जंगल यांसारख्या गोष्टींचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. देवस्थानच्या जमिनीचा हिशेब महाजनांना द्यावा लागतो हे आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. बाबाही हे मान्य करतात. त्यांचं भांडण त्यापुढच्या चार वर्षांशी आहे.

२०१४नंतर चेंडू सरकारकडे होता. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने मुद्रांक शुल्क भरलेल्या खाणमालकांना लिजे करून देण्याचा निर्देश दिला, आणि सरकारने तो आधार धरला. दिल्लीत मात्र कायदा बदलत होता. यापुढे खनिजाचा लिलावच करावा लागेल, असा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ला निघाला. तोपर्यंत गोव्यात ८८ लिजांचं दुसरं नूतनीकरण झालं. त्यातल्या काहींचे आदेश तर वटहुकमाच्या त्याच तारखेचे. आमच्या क्षेत्रात शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईने सोडलेलं सॉफ्टवेअर सोमवारी काय करतं, हे मी जाणतो. पण तेव्हा मी बेंगळुरूला नव्या नोकरीत होतो आणि बाबांचा फोन आला होता: "सरकारने शिक्का मारला रे. आता चिंता नाही." त्यांनी वेल काढली, टायर बदलले, इंजिन उघडलं. त्यासाठी परत कर्ज.

७ फेब्रुवारी २०१८ला न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने ती ८८ लिजे रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी बंद झाल्या. तो निकाल मी त्या वेळी पहिल्यांदा नीट वाचला, खरं तर बाबांची बाजू शोधण्यासाठी. सापडलं वेगळंच. दुसरं नूतनीकरण द्यायचं तर ते खनिज विकासाच्या हिताचं का आहे, याची कारणं सरकारने विचार करून लिहून ठेवावीत, असं कायदाच सांगत होता. सरकारने ते केलं नाही, अवाजवी घाई केली, असं न्यायालयाचं म्हणणं. गोव्यात खाण नकोच, असं त्या निकालात कुठेच नाही.

मामाच्या तालुक्यातल्या मोपाचं प्रकरणही असंच निघालं. विमानतळासाठी मोपा, वारखंड, चांदेल भागातली दोन हजारांहून अधिक एकर जमीन गेली. त्यात मामाची काजूची बागायतही होती. पर्यावरण परवाना २०१५चा. पंधरा किलोमीटरच्या परिसरातली संवेदनशील क्षेत्रं अर्जात दाखवायची असतात. शेजारी सिंधुदुर्गात पश्चिम घाटातली तशी गावं असूनही माहिती पुरती दिली नव्हती. पठारावरच्या झाडांचंही तेच. २९ मार्च २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने परवाना स्थगित केला आणि तज्ज्ञ समितीला पुन्हा तपासायला सांगितलं. तपासणी झाली, अटी वाढल्या, १६ जानेवारी २०२०ला स्थगिती उठली. ५ जानेवारी २०२३पासून तिथून विमानं उडू लागली. चवथीला मी आता तिथेच उतरतो आणि मामा मला घ्यायला येतो. आपली बागायत कुठे होती ते पार्किंगमधून हात करून दाखवतो.

म्हणजे दोन्ही ठिकाणी न्यायालय एकच म्हणालं: करायचं तर करा, पण असं नाही. मोपाला त्याची किंमत साडेनऊ महिन्यांचा खोळंबा. आमच्याकडे २०१८ला थांबलेल्या खाणींसाठी लिलाव व्हायलाच डिसेंबर २०२२ उजाडला. मधल्या काळात फेरविचार याचिका झाल्या, १९८७च्या कायद्यात दुरुस्ती करा म्हणून दिल्लीवाऱ्या झाल्या, पणजीत खाण अवलंबितांचे मोर्चे निघाले. एका मोर्चात बाबाही होते.

माझं मत मी गेल्या चवथीला पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बोललो. निकाल बरोबर होता. जानेवारी २०१५मध्ये सरकारने थांबून लिलाव केला असता तर दोन-तीन वर्षांत खाणी नीट कागदांवर सुरू झाल्या असत्या. घाई केली सरकारने आणि खाणमालकांनी. हप्ते मात्र ट्रकवाल्यांनी भरले, ज्यांचं नाव ना लिजेवर, ना याचिकेत. न्यायालयालाही एवढं म्हणता आलं असतं की सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवून ज्यांनी कर्जं काढली त्यांचं काय करायचं ते आधी सांगा.

बाबा काही बोलले नाहीत. मामाच म्हणाला, "हे शेवटचं बरं बोललास."

मामाकडे आता नवीन विषय आहे. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२)चा आधार घेऊन शेतजमिनी, डोंगर एकेक करून बांधकामासाठी रूपांतरित होत होते. १३ मार्च २०२५ला गोव्यातल्या उच्च न्यायालयाने त्याचे नियम रद्द केले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय. पेडण्यात विमानतळानंतर जमिनीला जे भाव आले आहेत ते पाहता मामाला या खटल्यासाठी आमच्या घरी पुढच्या पाच चवथी पुरणार नाहीत.

आणि बाबा? लिलाव झालेला पहिला ब्लॉक डिचोलीचाच. २०२४पासून तिथे खाणकाम सुरू आहे. घरं, देवळं, तळी लीज क्षेत्रातून वगळा म्हणून मुळगावचे लोक भांडत आहेत. वाहतुकीसाठी ट्रकांची गरज आहेच. मी परत निघायच्या आदल्या रात्री बाबा हळूच खोलीत आले. शेजाऱ्याने ट्रक लावलाय म्हणाले, आपणही लावायचा विचार आहे.

"त्या खाणीचा पर्यावरण परवाना इंटरनेटवर असतो ना? सगळा वाच. अटी काय आहेत, मुदत कधीपर्यंत, सगळं. मग मला सांग."

मी डाउनलोड केलाय. निम्मा वाचून झालाय. उरलेला या रविवारी.